सरकारी रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय: बारावीनंतरची पदवी, बीएस्सीनंतरची पदविका की एमएस्सी?

सरकारी रुग्णालयाची भरतीची जाहिरात निघते तेव्हा 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात जेमतेम दोन-तीन ओळी असतात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी कोर्सला पैसे भरण्याआधी त्या ओळी वाचाव्यात, म्हणून हा लेख लिहितोय. प्रत्यक्षात बहुतेक जण कोर्स संपल्यावर पहिल्यांदा जाहिरात उघडतात, आणि तेव्हा कळतं की हातातल्या प्रमाणपत्रावरचं नाव तिथे कुठेच नाही. खाजगी सेंटरमध्ये ओळखीने, अनुभवाने काहीतरी जमून जातं. सरकारी छाननीत शब्दाला शब्द जुळावा लागतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासमोर मुख्य मार्ग तीन आहेत. बारावी विज्ञाननंतर थेट बीएस्सी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी, साधी बीएस्सी करून त्यावर पदव्युत्तर पदविका, किंवा साधी बीएस्सी करून याच विषयात एमएस्सी. माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे. पण तो सगळ्यांना लागू नाही, आणि त्याची कारणं समजायची तर आधी काम काय असतं ते बघायला हवं.

हे रेडिओग्राफरचं काम नाही

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण यंत्रातून निघतात. बटण बंद केलं की किरण बंद. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शरीरात जातं आणि मग रुग्णच किरणांचा स्रोत होतो. त्याला बंद करायचं बटण नसतं. या एका फरकामुळे शिक्षण वेगळं, परवाने वेगळे आणि जबाबदारीही वेगळी.

गॅमा कॅमेऱ्याच्या (शरीरातल्या औषधाचे किरण टिपून चित्र काढणाऱ्या यंत्राच्या) विभागात दिवस सुरू होतो तो 'हॉट लॅब'मध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करण्याच्या खोलीत. मॉलिब्डेनम-टेक्नेशियम जनरेटरमधून टेक्नेशियम-99एम काढायचं. विभागात याला 'जनरेटर मिल्क करणं' म्हणतात. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, 66 तास, टेक्नेशियमचं 6 तास. म्हणून जनरेटर आठवडाभर चालतो, पण सकाळी काढलेला डोस संध्याकाळी अर्ध्याहूनही कमी उरतो. काढलेल्या टेक्नेशियमात मॉलिब्डेनम उतरलंय का, हे तपासायचं; मान्य मर्यादा दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे 0.15 मायक्रोक्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं एकक). मग हाडांच्या स्कॅनसाठी एमडीपी, मूत्रपिंडासाठी डीटीपीए, हृदयासाठी मिबी अशी किट तयार करायची, औषध नीट बांधलं गेलंय का ते क्रोमॅटोग्राफीने बघायचं, आणि डोस कॅलिब्रेटरवर प्रत्येक रुग्णाचा डोस मोजायचा. कॅमेऱ्याची रोजची तपासणी वेगळीच. हे सगळं पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी.

पेट-सीटीत घाई आणखी. तिथे वापरायच्या एफडीजी या साखरेसारख्या किरणोत्सारी औषधातल्या फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटं. 10 मिलिक्युरीचा डोस मोजून ठेवला आणि रुग्णाची साखर वाढलेली निघाल्यामुळे पावणेदोन-दोन तास थांबावं लागलं, तर सिरिंजमध्ये जेमतेम 5 उरतात. हे गणित डोक्यात सतत चालू ठेवावं लागतं. शिवाय थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीन-131 देतात, त्याचं अर्धायुष्य 8 दिवस. मोठा डोस दिलेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायचं, त्याच्या मलमूत्राचं पाणी साठवण टाकीत मुरवून मगच सोडायचं, खोली मोजून 'क्लिअर' करायची. यातली प्रत्यक्ष मोजमापं बऱ्याच अंशी टेक्नॉलॉजिस्टच्या हातची.

म्हणूनच अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातलं एईआरबी, या विभागात कोणी काम करायचं ते स्वतः ठरवतं. सरकारी असो वा खाजगी, विभागाला परवाना हवा तर पात्र टेक्नॉलॉजिस्ट दाखवावा लागतो. ढोबळमानाने त्यांची अपेक्षा दोन प्रकारे पूर्ण होते: न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीतलीच पदवी, किंवा विज्ञानाची पदवी आणि तिच्यावर या विषयातलं मान्य पदव्युत्तर शिक्षण. 'रुग्णालयात सहा महिने बघून शिकलो' याला इथे काहीच किंमत नाही, आणि नसावीच.

बारावीनंतर थेट पदवी

मणिपाल, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, पुदुच्चेरीचं जिपमर अशा ठिकाणी हा कोर्स आहे. जिपमर केंद्र सरकारचं, त्यामुळे फी हा प्रश्न तिथे फारसा येत नाही. जागा मात्र मोजक्या. बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतंच, सोबत जीवशास्त्र की गणित चालेल हे संस्थेप्रमाणे बदलतं. अभ्यासक्रमाची वर्षं आणि इंटर्नशिप मिळून साधारण चार वर्षं धरा.

या मार्गाची मोठी बाजू म्हणजे सगळं शिक्षण याच विषयाभोवती असतं. शरीररचना, किरणोत्सर्गाचं भौतिकशास्त्र, रेडिओफार्मसी, कॅमेऱ्याची देखभाल हे विषय पहिल्यापासून हळूहळू मुरतात. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तुम्ही कामाला लागता.

अडचणीही स्पष्ट आहेत. अठराव्या वर्षी इतक्या अरुंद विषयाची निवड करायची. पुढे मन बदललं तर या पदवीवर दुसरीकडे वळणं साध्या बीएस्सीइतकं सोपं नसतं. आणि मराठी मुलांपुरतं सांगायचं तर घरापासून दूर, परराज्यात चार वर्षं राहण्याचा खर्च येतो. खाजगी संस्थेत फीसाठी कर्ज काढावं लागणार असेल, तर हा मार्ग घेण्याआधी दोनदा विचार करा. सरकारी जागा देशभर मिळूनही थोड्या निघतात, त्या दरवर्षी निघतीलच असंही नाही. हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

इथे एक गल्लत वारंवार होते. आपल्या राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा चांगला अभ्यासक्रम आहे, त्यात रेडिओग्राफीची शाखा आहे. ती करून सार्वजनिक आरोग्य विभागात क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी होता येतं, आणि त्या जागा न्यूक्लिअर मेडिसिनच्या कितीतरी पट आहेत, कारण एक्स-रे प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असतो. पण रेडिओग्राफीचं शिक्षण न्यूक्लिअर मेडिसिनसाठी पात्र ठरवत नाही. 'पेट-सीटीत सीटी आहे ना, मग चालेल' असं सांगून कोणी प्रवेश देत असेल तर तिथून उठा. उलट, गावाजवळ, स्वतःच्या जिल्ह्यात सरकारी नोकरी हेच तुमचं खरं ध्येय असेल, तर रेडिओग्राफी हीच तुमच्यासाठी योग्य वाट आहे, आणि ती कमी प्रतीची अजिबात नाही. न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे मोठं शहर किंवा परराज्य, हे धरूनच चाला.

साधी बीएस्सी आणि वर पदविका

मुंबईला या विषयाचा मोठा वारसा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून परळला, टाटा रुग्णालयाच्या आवारातल्या इमारतीत आहे. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट स्कॅनिंग 2002 मध्ये तिथेच सुरू झालं. या केंद्राच्या 'डिप्लोमा इन मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्स', म्हणजे डीएमआरआयटीमधून टेक्नॉलॉजिस्टांच्या पिढ्या घडल्या. अनेक सरकारी जाहिरातींत पात्रता म्हणून आजही हेच नाव छापलेलं असतं. पुढे पेटबरोबर सीटी जोडला गेला आणि दोन्ही यंत्रं जाणणारी माणसं लागू लागली, तेव्हा टाटा स्मारक केंद्राने फ्यूजन इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदविका आणली. दोन्ही पदविकांच्या मागे होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाचं नाव आहे.

या मार्गाची ताकद तुम्ही कुठे शिकता यात आहे. टाटासारख्या ठिकाणी रुग्णांची रांग संपत नाही. हाडांचे स्कॅन, थायरॉइड, पेट-सीटी, आयोडीन थेरपी, ल्युटेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचे उपचार हे सगळं हाताखालून जातं. जे प्रकार छोट्या सेंटरमध्ये वर्षभरात एकदा दिसतील ते इथे आठवड्यात दिसतात. मुलाखतीत 'जनरेटरचा इल्यूशन (काढलेलं टेक्नेशियम) कमी आला तर काय कराल' असं विचारलं की पुस्तकातून आलेलं उत्तर आणि हाताने केलेल्याचं उत्तर लगेच वेगळं कळतं.

खर्चाच्या दृष्टीनेही हा मार्ग हलका. सातारा, लातूर, जळगाव, रत्नागिरी, कुठल्याही गावच्या चांगल्या कॉलेजात भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करायची, घरचं जेवण जेवायचं, आणि मग प्रवेश परीक्षा द्यायची. निवड झाली नाही तरी बीएस्सी वाया जात नाही. बीएड, स्पर्धा परीक्षा, विषयातली एमएस्सी हे रस्ते खुले राहतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण या पदविकांच्या जागा अगदी थोड्या असतात आणि हुशार मुलंही पहिल्या फेरीत बाहेर राहतात.

पण 2021 पासून एक नवी बाब आली आहे. संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय त्याच्या यादीत आहे. या कायद्याच्या व्याख्येनुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान 2,000 तासांचं आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तास आणि तीन ते सहा वर्षं. आता पदविका एका वर्षाची असेल तर ती या मापात कशी बसवली जाते, हे प्रवेश घेण्याआधी संस्थेला लेखी विचारा. फोनवरचं 'होईल हो' पुरेसं नाही. नोंदणीचा प्रश्न तुमच्या पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीचा आहे.

बीएस्सीनंतर एमएस्सी

होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची न्यूक्लिअर मेडिसिन अँड मॉलिक्युलर इमेजिंग टेक्नॉलॉजीची एमएस्सी मुंबईत आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंदीगडच्या पीजीआयमध्येही या विषयाची एमएस्सी होते, मणिपालला आहे. काही ठिकाणी साध्या विज्ञान पदवीधरांना प्रवेश मिळतो, काही ठिकाणी ठरावीक विषयच लागतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला विषय निवडतानाच ही माहितीपत्रकं डोळ्यांखालून घाला. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र सोडून दिलेल्यांना तिसऱ्या वर्षी पश्चात्ताप होतो.

पदविकेपेक्षा वेळ जास्त जातो, तरी मी हिला झुकतं माप का देतो? एक, साध्या बीएस्सीचं सगळं संरक्षण इथेही आहे. दोन, पदवी आणि पदव्युत्तर पदवी अशी सरळ शिडी असल्याने जाहिरातीतल्या बहुतेक शब्दरचनांमध्ये ती बसते: 'पदविका' मागितली तर 'समकक्ष किंवा उच्च' म्हणून, आणि पदव्युत्तर मागितली तर थेट. (जाहिरातीत 'समकक्ष' हा शब्द नसेल तर मात्र अर्जाआधी खुलासा मागा, एमएस्सी असूनही पदविका नाही म्हणून अर्ज बाजूला पडू शकतो.) तीन, शिकवायचं किंवा संशोधन करायचं मनात आलं तर वाट तयार आहे. चार, परदेशात गेल्यास दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी समजावून सांगणं सोपं जातं.

एक गैरसमज मात्र आत्ताच दूर करा. ही एमएस्सी तुम्हाला मेडिकल फिजिसिस्ट बनवत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्रातली एमएस्सी आणि तिच्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा मेडिकल फिजिक्सची एमएस्सी आणि इंटर्नशिप, हा पूर्णपणे वेगळा रस्ता आहे. परळलाच हॉस्पिटल रेडिओफार्मसीची एमएस्सी आहे, तीही वेगळी. ज्यांना औषध बनवण्याच्या रसायनशास्त्रात रस आहे त्यांनी ती जरूर बघावी. तिन्ही माणसं एकाच विभागात, शेजारी-शेजारी काम करतात म्हणून बाहेरून सगळं सारखं वाटतं.

आरएसओ: कुठलाही मार्ग घ्या, हे सोडू नका

प्रत्येक न्यूक्लिअर मेडिसिन विभागाला एक रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, नेमावा लागतो आणि त्या नेमणुकीला एईआरबीची मंजुरी लागते. टेक्नॉलॉजिस्टला ठरलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन हे काम करता येतं. दोन उमेदवार बरोबरीचे असतील आणि एकाकडे आरएसओची पात्रता असेल, तर रुग्णालयाला कोण हवं हे वेगळं सांगायला नको. काही जाहिरातींत ती अटच असते. म्हणून संस्था निवडताना हा प्रश्न आधी विचारा: तुमच्या कोर्सनंतर आरएसओची परीक्षा देता येते का, आणि मागच्या तुकड्यांतल्या मुलांनी ती दिली आहे का? उत्तर देताना कोणी चाचरलं, तर तो कोर्स माझ्या यादीतून बाद.

नोकरी कशी आणि कुठे

टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालतं, त्यामुळे तिथली पदं त्या विभागाच्या धर्तीवर असतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सायंटिफिक असिस्टंट 'बी' लेव्हल 6 ला, मूळ वेतन 35,400 रुपये. सायंटिफिक असिस्टंट 'सी' लेव्हल 7 ला, 44,900 रुपये. वर भत्ते. 'बी' आणि 'सी' यांत फरक बहुधा अनुभवाच्या वर्षांचा असतो. परळ आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र तर आहेच, पण याच केंद्राची रुग्णालयं वाराणसी, संगरूर, मुल्लांपूर, विशाखापट्टणम, गुवाहाटी आणि मुझफ्फरपूर इथेही आहेत. 'टाटा' वाचून मुंबई गृहीत धरू नका. जाहिरातीत जागेचं नाव वेगळं असतं. एम्स, लष्करी रुग्णालयं यांच्या भरती स्वतंत्र निघतात.

कायम जागेइतक्याच, किंबहुना जास्तच, कंत्राटी जागा निघतात. ठरावीक दिवशी मूळ कागदपत्रं घेऊन मुलाखतीला हजर राहायचं, सहा महिने ते वर्षभराचा करार. मी नवख्यांना सांगतो की सरकारी रुग्णालयातला कंत्राटी अनुभव जरूर घ्या, पण अनुभव प्रमाणपत्रावर पदाचं नाव, तारखा आणि कामाचं स्वरूप नीट लिहून घ्या. पुढे 'सी' श्रेणीसाठी अनुभव मोजताना तोच कागद बघितला जातो.

आरक्षणाबाबत महाराष्ट्रातल्या मुलांची इथे मोठी फसगत होते. या बहुतेक जागा केंद्रीय संस्थांच्या आहेत, म्हणून इतर मागासवर्गाचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. मराठा समाजासाठी 2024 मध्ये राज्याने केलेलं एसईबीसी आरक्षण केंद्रीय भरतीत लागू नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या निकषांत कुटुंब बसत असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ते प्रमाणपत्र काढून ठेवावं. तहसील कार्यालयाचे हेलपाटे जाहिरात निघण्याआधी झालेले बरे.

किरणांची भीती आणि घरच्यांची काळजी

हा प्रश्न आई-वडील विचारतात, आणि तो योग्यच आहे. भारतात किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणमात्रेचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. छातीवरचा, किरणमात्रा मोजणारा टीएलडी बॅज ठरावीक काळाने तपासणीला जातो आणि नोंद राहते. सिरिंजला शिशाचं किंवा टंगस्टनचं कवच, अंतर, आणि झटपट हात ही खरी सुरक्षा. मुलींनी या भीतीपोटी क्षेत्र सोडू नये. गरोदरपण कळवल्यावर बाळाला उरलेल्या काळात 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये असा नियम आहे, त्यानुसार काम बदलून द्यावं लागतं. मात्र कळवायला उशीर करू नका. संकोचापायी गप्प बसणं चुकीचं. जिथे बॅज खणात ठेवून काम करायची सवय आहे, ती जागा पगार कितीही असला तरी सोडावी.

परदेश डोक्यात असेल तर

ऑस्ट्रेलियात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट हे कायद्याने राखलेलं पदनाम आहे. तिथल्या मेडिकल रेडिएशन प्रॅक्टिस बोर्डाची नोंदणी असल्याशिवाय ते वापरता येत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत हे काम दोन प्रकारची माणसं करतात: वैधानिक नोंदणी असलेले रेडिओग्राफर, आणि ऐच्छिक नोंदवहीत असलेले क्लिनिकल टेक्नॉलॉजिस्ट. दोन्हीकडे पूर्ण पदवी आणि शिक्षणाचे तास तपासले जातात. एवढ्यासाठीच, पदविका केलेल्यांनी आपला तपशीलवार अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकांच्या नोंदी संस्थेच्या शिक्क्यासह जपून ठेवाव्यात. दहा वर्षांनी त्या परत मिळवणं अवघड जातं.

आता निवड. बारावी नुकतीच झाली असेल, विषय मनापासून आवडला असेल आणि जिपमरसारख्या सरकारी संस्थेत जागा मिळत असेल, तर थेट पदवी घ्या. तीच पदवी कर्ज काढून करावी लागणार असेल तर जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करा आणि परळ, दिल्ली, चंदीगडच्या एमएस्सीची तयारी दुसऱ्या वर्षापासून सुरू करा. बीएस्सी होऊन बसला असाल आणि घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल, तर टाटासारख्या ठिकाणच्या पदविकेला निवड झाल्यास, नोंदणीचं लेखी उत्तर हातात घेऊन, ती नक्की स्वीकारा. खाजगी संस्थेचा अल्पमुदतीचा 'सर्टिफिकेट कोर्स' यांपैकी कुणासाठीच नाही.

आणि आज रात्रीच एक काम करा. टाटा स्मारक केंद्राच्या आणि एखाद्या एम्सच्या संकेतस्थळावर न्यूक्लिअर मेडिसिनच्या जुन्या जाहिराती उघडा, अर्हतेच्या ओळी वहीत उतरवून घ्या, आणि ज्या कोर्सला जाणार आहात त्याच्या प्रमाणपत्रावर छापलं जाणारं नेमकं नाव त्यांच्याशी ताडून बघा.